मोटार निघाली आगगाडीने!

मित्रांनो, मोटारीतून तुम्ही पुष्कळ हिंडला असाल. आगगाडीने मामाच्या गावालाही गेला असाल. पण मोटारीत बसल्या बसल्या आगगाडीत बसलात का कधी? म्हणजे तुम्ही मोटारीत, मोटार आगगाडीच्या डब्यात आणि डबा चक्क समुद्राच्या तळाखालून धावतो आहे!

ही काही परीकथा नाही, बरं का. इंग्लंडमधलं फोकस्टन आणि फ्रान्समधलं कॅले ही दोन गावं इंग्लिश खाडीच्या दोन काठांवर आहेत. त्यांच्यामधल्या बोगद्यातून अशी आगगाडी रोज ये-जा करते. तिचं नाव ‘ल शटल’. शटल म्हणजे मागावरचा धोटा. विणकराचा धोटा कसा या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा पळत असतो, तशीच ही गाडी.

चला तर, आज आपणही तिच्यातून खाडी ओलांडू. पण मोटार कोणती घ्यायची? साधी नको. साधी मोटार या आगगाडीत इतकी सहज शिरते, की सांगण्यासारखं काही उरतच नाही. आपण घेऊ एक बुटकी स्पोर्ट्स कार. तिला नेताना प्रत्येक चढ, प्रत्येक कड डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. त्यामुळे ही सगळी व्यवस्था कशी बांधली आहे, तेही आपल्याला नीट कळेल.

बुटकी असण्यातच शहाणपण

स्पोर्ट्स कार एवढी बुटकी कशासाठी करतात? एक रिकामी काडेपेटी घ्या. आधी ती टेबलावर उभी ठेवा आणि टिचकी मारा. पडली ना? आता आडवी ठेवा आणि मारा टिचकी. सरकेल, पण पडणार नाही. मोटारीचंही तसंच आहे. तिचं वजन जितकं जमिनीलगत, तितकी ती वळणावर कमी कलंडते. शिवाय बुटकी मोटार समोरच्या वाऱ्याला कमी अडते.

फोर्ड कंपनीची ‘जीटी ४०’ नावाची एक प्रसिद्ध शर्यतीची मोटार होती. तिच्या नावातले ४० कसले, ठाऊक आहे? तिची उंची ४० इंच होती! म्हणजे जेमतेम एक मीटर. या मोटारीने १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षं फ्रान्समधल्या ल मान् गावची चोवीस तासांची शर्यत जिंकली. इटलीतली लॅम्बोर्गिनी काउंटाश ही मोटारही साधारण १०७ सेंटिमीटरच उंच होती. तुमच्या घरातल्या दाराची कडी याच उंचीच्या आसपास असेल.

मोटार वरून बुटकी असते, तशीच खालूनही. आता कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी काढा. आपल्याकडच्या बहुतेक साध्या मोटारींच्या पोटाखाली ती उभी राहू शकेल. स्पोर्ट्स कारखाली मात्र ती उभी राहायची नाही. तिथे जागा असते दहा-बारा सेंटिमीटर. काही मोटारींखाली त्याहूनही कमी!

गुळगुळीत रस्त्यावर एवढी जागा पुरते. पण रस्ता मध्येच वाकला तर?

वही उपडी घाला आणि बघा

एक जाड वही अर्धवट उघडून घराच्या छपरासारखी उपडी ठेवा. तिच्यावरून खेळण्यातली मोटार हळूच न्या. पुढची चाकं कण्याच्या पलीकडे आणि मागची अलीकडे आली, की मोटारीचं पोट कण्याला टेकेल. वहीचा उतार कमी करून पुन्हा न्या. आता कदाचित सुटेल.

मोठ्यांसाठी थोडं गणित सांगतो, सातवी-आठवीतल्यांनाही जमेल. समजा, मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये अडीच मीटर अंतर आहे. रस्ता एका बाजूने पाच अंश चढतो आणि दुसऱ्या बाजूने पाच अंश उतरतो. पाच अंश हा काही फार मोठा चढ नव्हे. मोटार बरोबर मधोमध आली, की कण्यापासून चाकं सव्वा-सव्वा मीटरवर असतात. पाच अंशांच्या उतारावर सव्वा मीटरला जवळजवळ ११ सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे पोटाखाली ११ सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा असेल, तरच मोटार पार होणार. सोळा सेंटिमीटरवाली आरामात जाईल. दहावाली टेकेल!

टेकली तर काय होतं? नुसता रंग खरवडला, तर ते नशीबच म्हणायचं. पण इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं. आपले गॅरेजवाले त्याला ‘चेंबर’ म्हणतात. ते फुटलं, तर सगळं तेल गळून जातं आणि तेलावाचून इंजिन काही क्षणांत निकामी होऊ शकतं. आगगाडीत शिरताना असं झालं, तर एकट्या मालकाचंच नुकसान होत नाही. आत शिरायचा रस्ता एकेरी असतो. मागे मोटारींची भलीमोठी रांग लागलेली असते, ती सगळी खोळंबते.

मोटारींसाठी रस्ताच का नाही केला?

तुमच्यातला एखादा विचारेल, “एवढा खटाटोप कशाला? बोगद्यात सरळ रस्ताच करायचा होता!” प्रश्न रास्त आहे. १८०२ साली आल्बेर माथ्यू नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने तशीच कल्पना मांडली होती. त्याच्या बोगद्यातून घोडागाड्या जाणार होत्या. उजेडाला तेलाचे दिवे, हवेसाठी समुद्रातून वर काढलेली धुराडी, आणि घोडे बदलायला खाडीच्या मधोमध एक बेट! ती योजना कागदावरच राहिली.

पुढे १८८० च्या सुमारास दोन्ही बाजूंनी खरोखरच खणायला सुरुवात झाली. पण बोगद्यातून शत्रूचं सैन्य आलं तर, या धास्तीने इंग्लंडच्या सरकारने १८८२ साली ते काम थांबवलं.

आजचा बोगदा खणला तो अकरा अजस्र यंत्रांनी. ती उंदरासारखी खडूच्या मऊ थरातून जमीन कुरतडत पुढे सरकत होती. १ डिसेंबर १९९० रोजी इंग्रज आणि फ्रेंच कामगारांनी समुद्राखाली एकमेकांशी हात मिळवले. दोन देशांतून निघालेल्या त्या दोन भुयारांची तोंडं अर्ध्या मीटरहूनही कमी फरकाने समोरासमोर आली होती! या कामात दहा कामगारांना प्राण गमवावे लागले, हेही आपण विसरता कामा नये. ६ मे १९९४ रोजी बोगद्याचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोटारींची आगगाडी सुरू झाली.

बोगद्याची लांबी ५० किलोमीटरहून थोडी जास्त आहे. त्यातले सुमारे ३८ किलोमीटर समुद्राखाली आहेत. एवढ्या लांब नळीत हजारो मोटारी इंजिनं चालवत गेल्या असत्या, तर त्यांचा धूर बाहेर कसा काढायचा? आणि मध्येच एखादी बंद पडली तर? म्हणून ठरलं असं, की मोटारींनी इंजिन बंद करून गप्प बसायचं आणि विजेवर धावणाऱ्या आगगाडीने त्यांना पलीकडे पोहोचवायचं. मोटारीच्या टाकीत एलपीजी गॅस असेल, तर तिला इथे प्रवेश नाही. बंद जागेत गॅसची गळती फार धोक्याची.

बुटकीला जागा उंचांच्या डब्यात

आता आपली मोटार फोकस्टनच्या स्थानकात आली आहे. पासपोर्ट तयार ठेवा. इथे आधी इंग्लंडचे आणि लगेच पुढे फ्रान्सचे अधिकारी तपासणी करतात. म्हणजे फ्रान्सचं दार इंग्लंडच्याच भूमीवर! त्यामुळे पलीकडे उतरल्यावर पुन्हा थांबावं लागत नाही.

आरशाला अडकवायला एक अक्षर मिळतं. आपलं अक्षर फलकावर झळकलं, की रांगेत लागायचं. समोर रूळांवरून जाणारा पूल दिसतो. पुलावर चढायचं आणि उताराने फलाटावर उतरायचं. फलाटावर चक्क मोटार चालवायची, बरं का! शेजारी जी आगगाडी उभी आहे, तिची लांबी पाऊण किलोमीटरहून जास्त. दोन्ही टोकांना एक-एक इंजिन.

या आगगाडीचे डबे दोन प्रकारचे असतात. अर्ध्या भागात दुमजली डबे. १ मीटर ८५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मोटारी त्यांत जातात, काही खाली आणि काही उतरंडीवरून वरच्या मजल्यावर. उरलेल्या भागात एकमजली डबे. ते बससारख्या किंवा टपावर सामान बांधलेल्या उंच वाहनांसाठी. गाडी पूर्ण भरली, तर १२० मोटारी आणि १२ बसगाड्या तिच्यात मावतात.

आपल्या मोटारीची उंची सव्वा मीटरही नाही. नियमाप्रमाणे ती दुमजली डब्यात जायला हवी. पण तिथे गंमत होते. वरच्या मजल्याकडे जाणारा चढ आला. चढ जिथे सुरू होतो, तिथे मोटारीचं नाक टेकण्याची भीती. तो जिथे संपून सपाट होतो, तिथे पोट टेकण्याची. वहीचा कणा आठवला ना? शिवाय वाट अरुंद. दोन्ही बाजूंना चाकांच्या उंचीची कड असते आणि स्पोर्ट्स कारची चाकं रुंद असतात. जरा हात चुकला, तर चकचकीत चाक कडेला घासलंच म्हणून समजा.

म्हणून अशा मोटारींचे जाणते मालक तपासणीच्या वेळीच सांगून टाकतात, “आमची गाडी फार खाली आहे हो. एकमजली डब्यात जागा मिळेल का?” जमत असेल, तर कर्मचारी तिकडे पाठवतात. म्हणजे काय झालं, पाहा. सगळ्यांत बुटकी मोटार सगळ्यांत उंच वाहनांच्या डब्यात! पुढे एखादी बस आणि तिच्या मागे आपली चिमुकली मोटार. मांजराचं पिल्लू हत्तीच्या मागे उभं राहावं तशी.

वाहनं चढवण्याच्या डब्याला बाजूने रुंद दारं असतात आणि दारातून फलाटावर लोखंडी पत्रा टेकवलेला असतो. त्याच्यावर मोटार घालायची ती अगदी हळू, माणूस चालतो त्या गतीने. शेजारी बसणाऱ्याने खिडकीतून मान काढून कडेवर नजर ठेवायची. पिवळ्या जाकिटातला कर्मचारी हाताने ‘या, या, अजून थोडं, बास!’ अशा खुणा करतो. तेव्हा त्याच्याकडेच बघायचं. रस्त्यावर ताशी अडीचशे किलोमीटर पळू शकणारी मोटार इथे गोगलगाय होते. त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या गाडीखाली किती जागा आहे हे ज्याला पक्कं माहीत असतं, तोच तिला धक्का न लावता आत नेतो.

पस्तीस मिनिटं

मोटार जागेवर आली. आता हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा आणि इंजिन बंद. खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवायच्या. डब्यांच्या मधली दारं बंद होतात. ती आगीला रोखून धरणारी असतात. आणि मग गाडी हलते. इतकी अलगद, की कित्येकांना कळतही नाही!

खिडकीबाहेर मासे दिसतील अशी आशा धरून बसू नका. डब्याला लहान खिडक्या आहेत, पण बोगद्यात दिसतो तो फक्त काळोख. पाणी आपल्या डोक्यावर लगेच नसतंच मुळी. आधी खडूच्या दगडाचा जाड थर, मग समुद्राचा तळ आणि त्याच्यावर पाणी. कानांना जरा दडे बसल्यासारखं वाटेल, तेव्हा आवंढा गिळा.

बोगदा एकच आहे असं आपण म्हणतो, पण खरं तर तिथे तीन बोगदे आहेत. जायचा एक, यायचा एक, आणि त्या दोघांच्या मधोमध एक लहान बोगदा. या लहान बोगद्यात रूळ नाहीत. तो मदतीसाठी आणि सुटकेसाठी आहे. दर ३७५ मीटरवर त्याच्यात जायला दार आहे. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी मालट्रक नेणाऱ्या एका आगगाडीला बोगद्यात मोठी आग लागली. धूर कोंडला होता. पण माणसं मधल्या बोगद्यातून बाहेर पडली आणि कोणाचाही जीव गेला नाही. एरवी रिकामाच दिसणारा हा तिसरा बोगदा कशासाठी खणला, ते त्या दिवशी साऱ्या जगाला कळलं.

आपली आगगाडी आता ताशी १४० किलोमीटर वेगाने धावते आहे. आपल्या मोटारीची चाकं मात्र जागची हललेली नाहीत. हे डबे ४.१ मीटर रुंद आणि ५.६ मीटर उंच आहेत. ते इतके मोठे, की इंग्लंडच्या नेहमीच्या रेल्वेमार्गांवरून ते जाऊच शकत नाहीत. तिथले पूल आणि बोगदे त्यांना लहान पडतात. म्हणून या दोन स्थानकांपलीकडचं जग त्यांनी पाहिलेलंच नाही. बिचारे!

घड्याळाची गंमत

पस्तीस मिनिटांत फ्रान्स आलंसुद्धा! समोरची दारं उघडली. आत शिरलो तसंच, हळूहळू बाहेर पडायचं. घाई इथेही नको. पुढचा बसवाला गेला म्हणून त्याच्या मागे भुर्रकन निघालात, तर उतरतानाच पोट टेकेल.

घड्याळ मात्र एक तास पुढे करा. तुम्ही इंग्लंडहून सकाळी दहाला निघालात, तर फ्रान्समध्ये ११ वाजून ३५ मिनिटं झालेली असतील. परतताना उलटी गंमत. फ्रान्सहून दहाला निघायचं आणि इंग्लंडला पोहोचायचं ९ वाजून ३५ मिनिटांनी. निघण्याच्या आधीच पोहोचलात! आईला सांगून बघा, विश्वास बसतो का ते.

आणखी एक. इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहनं चालतात, फ्रान्समध्ये उजव्या. त्यामुळे टोलनाक्याची खिडकी डावीकडे येते आणि इंग्लंडच्या मोटारीचा चालक बसलेला असतो उजवीकडे! मग शेजारच्याने पैसे द्यायचे. आपली मोटार एवढी बुटकी, की त्याला हात पार वर करावा लागतो. वर्गात ‘बाई, मी सांगू?’ म्हणून करतात ना, तसा.

जून महिन्यात या वाटेवर स्पोर्ट्स कारची एकच गर्दी उसळते. ल मान् ची शर्यत साधारण त्या दिवसांत असते. १९२३ साली सुरू झालेली ही शर्यत बघायला इंग्लंडहून हजारो लोक जातात. कित्येक जण आपल्या लाडक्या बुटक्या मोटारी घेऊन याच आगगाडीने खाडी ओलांडतात. कॅलेपासून ल मान् चारशेहून अधिक किलोमीटरवर आहे. तिथे गेल्यावर त्यांची मोटार काही शर्यतीत उतरत नाही. ती उभी राहते आणि माणसं बघतात. पण घरून निघालेली मोटार एकही ओरखडा न पडता तिथवर पोहोचली, याचा आनंद काय कमी असतो?

आणि आपल्याकडे?

वाहनं नेणारी आगगाडी आपल्याकडेही आहे, मित्रांनो. कोकण रेल्वेने १९९९ साली रायगड जिल्ह्यातलं कोलाड आणि गोव्यातलं वेर्णा यांच्या दरम्यान मालट्रक नेणारी आगगाडी सुरू केली. उघड्या, सपाट डब्यांवर ट्रक एकामागे एक चढतात. चालक आपापल्या ट्रकमध्ये बसून असतात आणि घाटातली दमछाक वाचते. २०२५ च्या गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेने मोटारींसाठीही अशी आगगाडी ठेवली. फरक इतकाच, की तिथे माणसांनी मोटारीत बसून राहायचं नाही. त्यांच्यासाठी वेगळा डबा.

आणखीही एक फरक आहे, पाहा. ट्रक चढवताना चिंता असते ती वरची. पूल आणि बोगद्याचं छत लागता कामा नये, म्हणून उंची मोजूनच ट्रक आत घेतात. आपल्या बुटक्या मोटारीची चिंता खालची. एकाचं डोकं सांभाळायचं, दुसरीचं पोट. मोजपट्टी मात्र दोघांनाही हवी.

आता संध्याकाळी बाबांची किंवा शेजारच्या काकांची मोटार उभी असेल तेव्हा त्यांना विचारून, ती बंद आहे याची खात्री करून, एक काम करा. कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि तिच्या कडेजवळ खालून किती सेंटिमीटर जागा आहे ते मोजा. मोटारीखाली शिरायचं मात्र नाही हं! मग चाकांमधलं अंतरही मोजा. वर सांगितलेल्या पाच अंशांच्या चढउतारावरून ती पार होईल का, ते वहीत चित्र काढून ठरवा. मोटारीच्या मालकालाही कदाचित ते ठाऊक नसेल. पुढच्या गतिरोधकावर तुम्हीच त्यांना सांगू शकाल, “काका, जरा हळू. आपल्याकडे एवढीच जागा आहे.”